बिनआवाजाचा पाणघोडा

मित्रांनो, माझ्या डबीवर चार तबकड्या छापलेल्या आहेत. आत एकच उरली आहे. बाकीच्या तिघींचे काय झाले ते ओघात येईलच. मी जुन्या विनोदी कार्टूनपटांचा डीव्हीडी-संच आहे. मुक्काम वाकड, अकरावा मजला, टीव्हीखालचा काचेचा खण. काच बंद असते म्हणून माझ्यावर धूळ बसत नाही. ती कुणी उघडत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्यात सहा-सात मिनिटांचे छोटे छोटे चित्रपट आहेत. सगळ्यांत तेच दोघे असतात: सायकलवरून टपाल वाटणारा एक लठ्ठ पाणघोडा आणि ते टपाल खाणारी एक शेळी. शेळी पत्र खाते, पाणघोडा तिच्यामागे धावतो, आणि पूल, धोबीघाट, घड्याळाचा मनोरा असे सगळे पालथे घालून शेवटी कड्यावरून खाली पडतो. बोलणे एका शब्दाचेही नाही. त्याच्या जागी मोठा वाद्यवृंद आहे. हे चित्रपट कुठल्याशा दूरदेशी, फार वर्षांपूर्वी तयार झाले. तेव्हा वाद्ये घेऊन बसलेल्या माणसांनी पडद्याकडे पाहत पाणघोड्याच्या एकेका पावलाला सूर दिला होता. त्या संगीताचा मला फार अभिमान होता. ज्या घरात मी गेलो तिथे ते कुणाला नको होते.

त्या घरात मी बक्षीस म्हणून गेलो. सोपानराव चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होते. पत्रा मशीनखाली सरकवायचा, दाब पडला की सुटा भाग काढून घ्यायचा, हे त्यांचे काम. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात घोषवाक्यांची स्पर्धा झाली. तिचे पहिले बक्षीस प्रेशर कुकर होते आणि दुसरे मी.

चिंचवडला गावठाणाशेजारी पत्र्याची एक खोली, तेच त्यांचे घर. इंदुताईंनी मला उलटेपालटे करून पाहिले.

"कुकर पहिल्याला होता का?"

"व्हय."

"मग पहिलंच का नाही आणलं?"

"त्यानं माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं."

"आता ह्याच्यात काय डाळ शिजवू?" इंदुताई म्हणाल्या आणि मला फळीवर ठेवले.

त्यांची मुलगी विजयश्री, घरातली विजू, तेव्हा पहिलीत होती. तिने मला फळीवर राहू दिले नाही. शेजारच्या खोलीतले वजीरभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत. त्यांनी एक जुना प्लेअर चालू करून दिला. त्यांचा मुलगा अफताब आणि विजू शाळेतून आले की दुपारी माझ्यासमोर बसत.

अडचण एकच होती. सोपानरावांना कायमची तिसरी पाळी होती. रात्रभर काम, सकाळी कंपनीच्या बसने घरी, आणि मग दिवसा झोप. त्याच एका खोलीत, टीव्हीपासून चार हातांवर, ते भिंतीकडे तोंड करून डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडत. पंधरा वर्षे त्या खोलीत दिवसा कुणी मोठ्याने बोलले नाही. भांडे घासताना त्याखाली गोणपाट असे.

एके दिवशी विजूचा पाय रिमोटवर पडला आणि माझा वाद्यवृंद पूर्ण जोरात वाजला. मित्रांनो, त्या घरात मी गरजलो ते तेवढेच. सोपानराव दचकून उठले. रागावले नाहीत, पण पुन्हा झोपही लागली नाही. तसेच ते पाळीला गेले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना सहज बोलल्यासारखे म्हणाले, "काल डुलकी लागली मशीनवर. बाजूच्यानं बाही धरून ओढलं. नसता ओढलं तर हात गेला असता."

इंदुताईंनी चहाचे भांडे खाली उतरवले आणि सरळ वजीरभाईंकडे गेल्या.

"टीव्हीचा आवाज कायमचा काढून द्या."

"कायमचा? बातम्या पण मुक्या होतील, भाभी. तुमच्या मालिका पण."

"होऊ द्या. आवाज गेला तर चालंल. हात जायला नको."

वजीरभाईंनी आतली तार कापली आणि टीव्ही मुका झाला. इंदुताई मालिका बिनआवाजाच्या पाहू लागल्या. कोणती बाई वाईट ते काजळावरून कळते, असे त्या नूरबींना सांगत. नूरबी म्हणजे वजीरभाईंच्या पत्नी. पण मुलांना बिनआवाजाचा पाणघोडा पाहवेना. तेव्हा इंदुताई तांदळाचे ताट घेऊन टीव्ही आणि खाट यांच्या मध्ये बसल्या आणि निवडता निवडता स्वतःच आवाज काढू लागल्या. अगदी हळू, श्वासातल्या श्वासात. सायकलचा आवाज, शेळीचा, पत्र गिळल्याचा, पडल्याचा. मुले तोंडावर हात दाबून हसत. मी प्लेअरच्या पोटात फिरत असे. त्यामुळे त्या कुजबुजीतले मला अर्धेमुर्धेच कळायचे आणि त्यांचे हात तर मला कधीच दिसले नाहीत.

पुढे एकदा नूरबी मला आपल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांच्या टीव्हीला आवाज होता. मी मन लावून वाजलो. सगळी वाद्ये, सगळे झटके, सगळे सूर. विजू थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "खाला, हे चुकलंय."

"अगं, हाच खरा आवाज हाय. आतच भरलेला हाय."

"नाही. आमची आई करती तसा नाही."

अफताबनेही मान हलवली. त्यांनी मला बंद करायला लावले. त्या दिवशी मला समजले, की त्या घरात माझी निम्मीच गरज आहे.

वर्षे गेली. मुले मोठी झाली, मी फळीवर चढलो. विजू अकरावीत असताना इंदुताई आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. तेव्हा त्या घरात साधा बटणांचा फोन होता. इंदुताईंचा आवाज कशातही राहिला नाही.

भेटायला आलेल्या बायकांसमोर सोपानराव एकदा म्हणाले, "तिला गोड आवाज होता." एवढेच. विजू दारात उभी होती. ती म्हणाली, "तुम्हांला काय माहीत, बाबा? तुम्ही झोपलेलेच असायचा."

सोपानरावांनी उत्तर दिले नाही. बायकांनी विषय बदलला. पण त्यानंतर त्या बापलेकीत जेवलात का, पोचलीस का, याच्या पलीकडे बोलणे झाले नाही. मी फळीवरून ते सगळे ऐकत होतो.

विजू शिकली, नोकरीला लागली, निरंजनशी तिचे लग्न झाले आणि ते वाकडला राहायला आले. येताना तिने खोलीतून एकच वस्तू न विचारता उचलली. ती वस्तू मी. मात्र नव्या घरात टीव्ही भिंतीएवढा आणि प्लेअर कुठेच नाही. सोपानराव चिंचवडच्या खोलीतच राहिले.

आता त्या तिघींबद्दल. अकराव्या मजल्यावर कबुतरांचा फार त्रास. चमकणारी तबकडी टांगली की ती येत नाहीत, असे सोसायटीत कुणीतरी सांगितले. निरंजन कामाचा माणूस. त्याने माझ्यातल्या तीन तबकड्या काढल्या, सुतळी ओवली आणि गॅलरीत टांगल्या. चौथी खाचेत घट्ट बसली होती, निघाली नाही. कबुतरे दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तबकड्यांच्या मागे, एसीच्या डब्यावर घरटे केले. माझे पूल, मनोरे, डोंगर सगळे आठवडाभर उन्हावाऱ्यात गरगरत राहिले आणि त्यांचा मुलामा पापुद्र्यांनी सुटला. खणातून मला ते दिसत असे.

विजू तेव्हा कामासाठी बाहेरगावी गेली होती. परत आल्यावर ती गॅलरीच्या दारातच थबकली.

"ह्या कुणी लावल्या?"

"मी. अगं, प्लेअर कुठाय आपल्याकडे?"

"विचारायचं तरी, निरंजन."

"विचारलं असतं, पण तूच कधी ती डबी उघडली नाहीस," निरंजन म्हणाला. ते खरे होते.

त्या संध्याकाळी तिने आपल्या मुलीला, मुक्ताला, पाणघोड्याची गोष्ट सांगायला घेतली. सायकल निघाली, शेळी आली, पत्र खाल्ले. "मग पाणघोडा पडला," विजू म्हणाली, "धडाम." आणि थांबली. आई धडाम करत नसे. मग काय करायची? तिने दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्या. एकही बसेना. मुक्ता हसत होती आणि विजू रडकुंडीला आली होती. आईचा चेहरा फोटोत होता. आवाज फक्त विजूच्या आठवणीत होता, तिथून तो निघून गेला होता, आणि तो गेल्याचे तिला त्या क्षणी कळले.

दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून अफताबच्या दुकानात गेली. तो आता चिंचवड स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करतो.

"तुला आठवतं का रे, आई पडायचा आवाज कसा काढायची?"

अफताबने डोक्यावरचा दिवा बंद केला आणि बराच विचार केला. "नाही गं. आपण पडद्याकडं बघत असायचो ना." मग माळ्यावर चढून त्याने अब्बांचा जुना प्लेअर काढला, पुसला आणि तिच्या टीव्हीला जुळेल अशी जोडणी करून दिली. "लावून बघ. चित्र दिसलं तर आठवंल."

पण त्याच आठवड्यात सोपानरावांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यांत थेंब टाकायला माणूस हवे, म्हणून विजू त्यांना वाकडला घेऊन आली. ते हॉलमधल्या दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. टीव्ही पाहायला डॉक्टरांनी मनाई केली होती. दिवसभरात दोघांचे बोलणे इतकेच होई.

"थेंब टाकते, बाबा."

"टाक."

"झोंबतंय?"

"न्हाई."

शनिवारी दुपारी मुक्ताने हट्ट धरला. विजूने प्लेअर जोडला आणि खाचेत अडकलेली माझी शेवटची तबकडी हलक्या हाताने सोडवली. किती वर्षांनी मी फिरलो. वाटले, आता तरी वाद्ये वाजतील. पडदा उजळला आणि विजूने रिमोट उचलून आवाज शून्यावर आणला.

"आई, आवाज?" मुक्ता म्हणाली.

"आजोबा झोपलेत."

हात सवयीनेच गेला होता. मित्रांनो, मला हसावे की रडावे कळेना.

पाणघोडा सायकलवर बसला. विजू पडद्याकडे एकटक पाहत होती, ओठ हलवत होती, पण काही येत नव्हते. मुक्ता आपली मोठ्याने सांगत होती, "पाणघोडा निघाला. चढ आला."

दिवाणावरून आवाज आला. अगदी हळू, श्वासातल्या श्वासात.

"किर्रक्-टुक. किर्रक्-टुक."

विजूने मागे पाहिले. सोपानरावांचे तोंड भिंतीकडेच होते.

"शेळी आली," मुक्ता म्हणाली. "पत्र खातीय."

"मच् मच् मच्. गडप."

"आजोबा, पाणघोडा पडला."

सोपानरावांनी आधी लांब श्वास आत घेतला. तो घेतच राहिले, फार वेळ. मग एका बोटाने दिवाणाच्या लाकडी कडेवर एकदाच टिचकी मारली. ताटावर बोट वाजवावे तशी.

विजू जागची उठली आणि पुन्हा बसली. "तुम्ही जागे असायचा?"

"दिवसाची झोप ती. पत्रा तापायचा. तासभर लागायची, मग नुसता पडून ऐकायचो."

"रोज?"

"रोजच की."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मी जागा हाय कळलं असतं तर तिनं ते बंद केलं असतं," सोपानराव म्हणाले. "मला चित्र कधी दिसलं न्हाई, बाई. पाठ हुती तुमच्याकडं. कोण पडतंय ते आज कळलं, घोडा हाय म्हणून."

"पाणघोडा," मुक्ताने दुरुस्त केले.

"तोच."

विजूने त्यांना विचारले नाही, की त्या दिवशी बायकांसमोर तुम्ही गप्प का राहिलात. तेवढ्यात माझ्यावरच्या जुन्या चरेपाशी सुई अडली. नेमके सांगायचे तर आमच्यात सुई नसते, किरण असतो. पण अडकणे तेच. चित्र थिजले. शेळी हवेत, पाणघोडा अर्ध्या पुलावर. मी पुष्कळ धडपडलो, पुढे सरकता आले नाही. सोपानरावांना ते दिसत नव्हते. ते पुढे चालूच राहिले. पूल कोसळला, शेळी पळाली, सायकल खडखडली. मुक्ता पडदा सोडून त्यांच्याकडे पाहू लागली होती. विजूने रिमोटला हात लावला नाही. शेवटची पळापळ आली तशी सोपानरावांची कुजबूज भराभर होत गेली आणि मध्येच, आवाज न बदलता, त्याच श्वासात ते म्हणाले,

"विजू, हळू हस. तुझा बाप निजलाय."

आणि शेळीचा आवाज पुन्हा सुरू केला.

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी लावलेले नाही. आता रविवारी सोपानराव येतात तेव्हा मुक्ता तबकडी खणात काढून ठेवते आणि माझी रिकामी डबी मांडीवर घेते. वरच्या चित्रावर बोट ठेवून ती गोष्ट सांगते, आजोबा आवाज काढतात, विजू शेजारी बसते. तबकडीची त्यांना गरज उरलेली नाही. मी खणात काचेपलीकडे पडून ऐकतो, पडण्याच्या जागी तो लांब श्वास येतो आणि मीही थांबून राहतो. माझा वाद्यवृंद माझ्यापाशीच आहे. तो ऐकायला कुणी आले नाही, आणि आता कुणी येईल असे वाटत नाही.

म्हणून एक विनंती करतो. घरातली जुनी वस्तू उन्हात टांगण्यापूर्वी किंवा भंगारात घालण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना विचारा. आणि जो माणूस तेव्हा झोपलेला होता असे तुम्ही धरून चालला आहात, त्याला सगळ्यांत आधी विचारा.