कांद्याचा पापुद्रा

मार्केट यार्डामागच्या महापालिकेच्या शाळेत सरकारी योजनेतून तीन सूक्ष्मदर्शक आले, त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. तेव्हापासून ते मुख्याध्यापिकांच्या कपाटात होते. मुख्याध्यापिका सत्यशीला कदम, शाळेच्या भाषेत मोठ्या बाई. त्यांचं म्हणणं साधं होतं. "फुटलं तर चौकशी माझी होते, नम्रताबाई. न वापरल्याबद्दल कुणाची चौकशी झालेली मी आजवर ऐकलेली नाही."

विज्ञान शिकवणाऱ्या नम्रताने दोनदा विचारलं आणि सोडून दिलं. फळ्यावर पेशीचं चित्र ती सुरेख काढायची.

मग वरून कळवण्यात आलं, की ज्या शाळा साहित्य वापरत नाहीत त्यांचं साहित्य काढून दुसरीकडे देणार. पाहणीला विस्तार अधिकारी मोहिते साहेब गुरुवारी यायचे होते. बुधवारी दुपारी कपाट उघडलं.

"आठवीतलं एखादं चुणचुणीत पोर उभं करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "कांद्याचा पापुद्रा ठेवेल, आयताकृती पेशी म्हणेल, झालं."

नम्रताने चैतालीला निवडलं. तिचे वडील यार्डातच कांद्याच्या गाळ्यावर हमाली करत. "उद्या येताना कांद्याचा पापुद्रा आण," एवढंच नम्रताने सांगितलं.

गुरुवारी साहेब आले, पाणी प्यायले, चहा नको म्हणाले.

"वापर होतो ना?"

"नेहमी," मोठ्या बाई म्हणाल्या.

चैतालीने पिशवी उघडली. आत वाळलेली, लालसर, कुरकुरीत सालं होती. यार्डात पापुद्रा म्हणजे हाच: पोती ओतली की उडणारा, संध्याकाळी झाडून काढायचा. पुस्तकातला पापुद्रा म्हणजे कांद्याच्या ओल्या पाकळीवरून अलगद सोललेला पारदर्शक पडदा. पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबांना आता कळणार, हे नम्रताच्या लक्षात आलं. ज्याने हा प्रयोग एकदा तरी केलाय, तो ही चूक करणार नाही.

चैतालीने सालीचा तुकडा काचपट्टीवर ठेवला, नम्रताने सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा उजेडासाठी खिडकीकडे फिरवून दिला. चैताली वाकून बघत राहिली.

"काय दिसतं, बाळ?" साहेबांनी विचारलं.

"सांग की, आयता..." मोठ्या बाई मागून पुटपुटल्या.

चैतालीने मान वर करून नम्रताकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता.

"दिसतं तेच सांग," नम्रता म्हणाली.

"काचा दिसतात. खडीसाखरेसारख्या, बारीक. सगळीकडं सांडल्यात."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतः पाहिलं. बराच वेळ. "हे काय आहे हो, बाई?"

"स्फटिक असणार. सुक्या सालीत असतात, हे वाचलं होतं. पाहिले आजच."

"आजच?"

मोठ्या बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या.

"हो," नम्रता म्हणाली. "कपाट काल उघडलं."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "सकाळपासून तीन शाळा पाहिल्या. सगळीकडे आयताकृती पेशी. एका ठिकाणी आरसा भिंतीकडे होता, आत मिट्ट काळोख. तरीही पेशी आयताकृतीच. न वापरलेलं हलवायचं, असा नियम आहे. हा एक वापरताना मी डोळ्यांनी पाहिला. उरलेले दोन नेतो."

"साहेब, वर्गात पस्तीस मुलं आहेत," नम्रता म्हणाली.

"दीड वर्षापूर्वी किती होती?"

शिपायाने दोन खोकी गाडीत नेऊन ठेवली.

गाडी गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "तिला पेशी म्हणू दिलं असतं, तर तिन्ही राहिले असते."

"राहिले असते. कपाटात."

बोलून झाल्यावर नम्रताला वाटलं, जरा जास्तच झालं. मोठ्या बाई टेबलावरच्या त्या एकुलत्या यंत्राकडे पाहत होत्या. दाराशी आठवीची मुलं जमली होती. चैतालीने काय पाहिलं ते एव्हाना वर्गभर झालं होतं, आणि काही जणांना ते खरं वाटत नव्हतं.

"उजेड कुठे बरा येतो?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"व्हरांड्यात."

"मग टेबलाची ती बाजू धरा. आणि रांग लावायला सांगा त्यांना. एकावर पस्तीस म्हणजे वेळ लागणार."