नऊ वर्षांची आघाडी

व्यापार आकडेवारी विभागात तिला सगळे आकडेबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. आपला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिला इतरांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं. नवरा म्हणायचा, हिला स्वतःचं वय सांगितलं तरी ही आधी दाखला मागते.

तिच्या खुर्चीमागे चौकटीत एक आलेख होता. विकलेल्या मालातून विकत घेतलेला माल वजा केला की वर्षाला काय उरतं, ते दोन देशांचं शेजारी शेजारी. शेजारी देशाची रेघ निळी, आपली तांबडी. दोघांचीही खरेदीच जास्त, म्हणून दोन्ही शून्याखाली. पण नऊ वर्षांपूर्वी तांबडी निळीच्या वर गेली होती, आणि ते सर्वांआधी दाखवलं होतं आकडेबाईंनी. त्या आलेखावर तिचं नाव मिरवत होतं. यंदा विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, ती आकडेबाईंचीच असं शिपायापासून सगळे धरून चालले होते.

उद्या मंत्र्यांपुढे वीस वर्षांचा नवा आलेख मांडायचा होता. म्हणून ती दुपारी एकेक माल शेजाऱ्यांच्या तक्त्याशी ताडून बघत बसली. फरश्यांपाशी ती थबकली. शेजाऱ्यांनी आपल्याला शंभराला विकलेल्या फरश्या आपल्या खात्यात पूर्वी एकशेबाराला दिसत. वरचे बारा जहाजभाडं आणि विमा. नऊ वर्षांपासून मात्र त्या इथेही शंभरच. उलट आपण शंभराला विकलेलं सूत शेजाऱ्यांच्या खात्यात अजूनही एकशेबाराच.

मग तिला आठवलं. भाडं ही सेवा, मालाच्या तक्त्यात कशाला, म्हणून ते बारा तिनेच दुसऱ्या तक्त्यात हलवले होते. हलवणं बरोबरच होतं. पण शेजारी भाड्यासकट मोजत होते आणि ती भाड्याविना. मग तुलना कसली? मोठ्या डौलाने केलेली चूक होती ती.

भाडं परत खरेदीत मिळवून तिने रेघ पुन्हा काढली. तांबडी वर गेली होती, पण दोनच वर्षांपूर्वी.

विभागप्रमुख साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. नऊ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणखी एक दिवस कुणाचं काय बिघडणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय खुर्चीचा विचार करा, हेही त्यांनी आडून सुचवलं.

"सात वर्षांचं यश तुम्ही एका दुपारी घालवताय, बाई."

"ते आपलं नव्हतंच, साहेब. दोन वर्षांचं आहे, ते मात्र कुणाच्या बापाला खोडता येणार नाही."

साहेबांची खात्री पटेना, तेव्हा तिने त्यांच्यासमोरच शेजारी देशाच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या आकडेवाल्या बाईंशी दरवर्षी तक्त्यांची देवाणघेवाण होई. फोन मोठ्याने ऐकू येईल असा ठेवून तिने सगळं सांगितलं, चूक माझी हेही.



"आमच्या भिंतीवर तुमची रेघ दोन वर्षांपूर्वीच वर गेलीय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "तुमच्या खरेदीच्या आकड्यात भाडं मिळवूनच आम्ही ती काढतो, तुम्ही ते वगळल्याच्या पहिल्या वर्षापासून. तेव्हाच तुम्हाला पत्र लिहिलं होतं. आमचा आकडा तपासलेला असतो, एवढं एका ओळीत उत्तर आलं होतं तुमचं."

आकडेबाईंचे कान तापले. ती ओळ तिचीच होती, शंकाच नको.

फोन ठेवल्यावर साहेबांनी नवा आलेख पुढे ओढला, खाली टीप लिहिली आणि सही केली. टीप होती, 'विभागाकडून झालेली चूक दुरुस्त केली आहे.'

आकडेबाईंनी टीप वाचली. पेन काढून 'विभागाकडून' हा शब्द खोडला, आणि त्या जागी ठसठशीत अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.