बिनधक्क्याची जमीन

लोकांच्या घरच्या जमिनी आरशासारख्या करणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. वाटाणा सांडला की घरंगळत थेट कपाटाखाली! "अहो, आपल्या घराचा नंबर कधी?" बायको चिडवायची. "करू गं, जमीन काय पळून चाललीय?" हा म्हणायचा, आणि पिशवी उचलून दुसऱ्यांकडे पळायचा.

मग बायकोच जिन्यावरून पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं, चालणं बंद झालं. घरी न्या, पण धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. हॉस्पिटलात लिफ्टच्या फटीवरून ट्रॉली जाताना ती कशी किंचाळली होती, ते मिस्त्रीच्या कानातून जात नव्हतं. ती घरात येईल ती लोण्यावरून आल्यासारखी, एवढंच त्याने मनाशी धरलं.

चाकाची खुर्ची आधीच घरी आली होती. त्यात तो स्वतः बसला, डोळे मिटले आणि मेव्हण्याला म्हणाला, "ढकल." जिथे हादरा बसला तिथे "इथे!" म्हणून ओरडायचा आणि मेव्हण्याने खडूने फुली मारायची.

"दाजी, अगदी राजे दिसताय."

"राजाला खड्डे शोधायला बसवलंय. ढकल गप!"

फुल्यांनी घर भरलं. आयुष्यभर आपण हिला कशावरून चालवलं, या विचाराने त्याला भडभडून आलं. मग त्याने उंबरा फोडला, उंचवटे ग्राइंडरने घासले, खड्डे भरले, धूळ कणन् कण झाडली. दाराजवळची खोली शेवटी ठेवली. तिथे सिमेंटचा पातळ मसाला ओतला. तो सायीसारखा पसरला आणि आपोआप सपाट झाला. उद्या वाळला की वर तिनेच निवडलेलं निळं शीट अंथरायचं, आणि संध्याकाळी ती येणार.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती हॉस्पिटलात आईजवळ होती.

"बाबा, आईला आणतोय."

"आत्ता? अगं, उद्या ठरलं होतं ना! इथे सगळं ओलं आहे. थांब, खुर्ची तरी दाराबाहेर आणून ठेवतो."

"खुर्ची नको, बाबा," लेक म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. सकाळी रक्ताची गाठ फुप्फुसात अडकली होती. सगळं संपलं होतं.

मिस्त्रीच्या हातात थापी तशीच राहिली.

स्ट्रेचर घेऊन चौघे आले ते दारातच थबकले. ओल्या मसाल्यावर पाय ठेवणाऱ्याची हा माणूस काय गत करतो, ते सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. एकदा शेजाऱ्याचं मांजर चालून गेलं तर याने त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता.

"दाजी, मागच्या दाराने नेऊ का?" मेव्हण्याने हळूच विचारलं.

"तिकडे पायऱ्या आहेत. इथूनच या."

"अहो, पाय रुततील. सगळी मेहनत मातीत जाईल."

"जाऊ दे रे. कोणासाठी केली होती?"

चौघे आत आले. पावलागणिक मसाला फाटत होता. मिस्त्री तिच्या उशाशी उलटा चालत होता, दोन्ही हात स्ट्रेचरखाली धरून. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तरी तो एकेकाला दटावत होता.

"हळू रे, हळू... धक्का बसेल तिला."