सातव्या पानावरचा पक्षी

मित्रांनो, या काचेच्या कपाटात जरा डोकावून बघा ना! खालच्या फळीवर, फितीत आवळलेली, कोपरे दुमडलेली जी जुनी चित्रवही दिसते, ती मी. माझा जन्म परदेशात, एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. एका चित्रकार बाईने माझ्या पानापानावर हरवलेल्या होडीची गोष्ट रंगवली. सातव्या पानावरच्या आकाशाचा जाड रंग ओला होता, तेवढ्यात तिच्या छोट्या मुलीने त्यात खुशाल अंगठा रुतवला! मला वाटलं, आता आपली रवानगी केराच्या टोपलीत. पण बाई खो खो हसली. तिने त्या ठशाला चोच काढली, दोन पाय काढले आणि त्याचा पक्षी केला.

माझ्यावरून पुस्तक छापलं गेलं. मुलांनी ते डोक्यावर घेतलं. काय मिरवायचे मी तेव्हा!

पुढे कित्येक वर्षांनी इथल्या दुकानांत तेच पुस्तक दिसू लागलं. होडी तीच, आकाश तेच, नाव मात्र भलत्याचंच. चोराने पक्षीसुद्धा उचलला होता, तोही अंगठ्याच्या रेघांसकट!

त्याच सुमारास इथे कॉपीराइटचा नवा कायदा आला. आता चोरांची खैर नाही, असं जो तो म्हणत होता. चित्रकार बाईची नजर अधू होत चालली होती. दिसतंय तोवर त्या पुस्तकावर आपलं नाव बघायचं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिची मुलगी, आता चांगली मोठी झालेली, मला छातीशी धरून इथल्या या कॉपीराइट कार्यालयात आली. तिने पक्ष्यावर बोट ठेवलं.

"हा माझा अंगठा आहे हो!"

"पटतंय मला, ताई," कारकूनबाई म्हणाल्या. "पण आधी नोंदणी, मग तक्रार. आणि निकाल लागेपर्यंत मूळ वही इथेच ठेवावी लागते."

"किती दिवस?"

"इथल्या लोकांना नव्वद दिवस."

"आणि आम्हाला?"

कारकूनबाईंनी कायद्याची पानं उलटली. पुन्हा उलटली. "परदेशी अर्जांना मुदतच लिहिलेली नाही."

"कायदा अजून तान्हा आहे," पलीकडून साहेब म्हणाले. "रांगू तरी द्या त्याला!"

सगळे हसले. ती हसली नाही.

तीन वर्षं झाली. माझ्यामागून आलेल्या इथल्या वह्या निकाल घेऊन घरी गेल्यासुद्धा. मी फितीचे वळ मोजत बसले. गेल्या महिन्यात पत्र आलं, 'आईला आता दिसत नाही. नावाचं राहू द्या. वही तेवढी परत पाठवा. तिला सातव्या पानावरून हात फिरवायचा आहे.'

कारकूनबाई तडक साहेबांकडे गेल्या. "अहो, देऊन टाकू या की!"

"कुठल्या कलमाखाली देऊ? परदेशी माणसाने अर्ज मागे घ्यायची सोयच नाही यात. उद्या मलाच जाब विचारतील."

पत्र माझ्या फितीत खोचलं गेलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणीतरी कायदे लिहील. तेव्हा लांबून आलेल्यांसाठीही एक ओळ नीट लिहा हं. आणि ते होडीचं पुस्तक तुमच्याकडे असेल, तर सातवं पान उघडा. पक्ष्याच्या पोटावर रेघा दिसतील. त्यांवरून बोट फिरवा. काहीच लागणार नाही हाताला, कागद अगदी गुळगुळीत.

हाताला लागणाऱ्या रेघा इथे आहेत, कपाटात.