तेकाबूच्या बरगड्या

एकोणीस वर्षं मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बरगड्या शिकवल्या. विषय सोपा आहे. एका बाजूला बारा, दोन्हीकडच्या मिळून चोवीस. वरच्या सात थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, त्या खऱ्या. खालच्या पाच खोट्या. त्यांतल्या तीन वरच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच सुटतात. पाठ करायला एक दुपार पुरते. घोळ होतो तो जिवंत माणसावर मोजताना. पहिली बरगडी गळ्याजवळच्या हाडाखाली दडलेली असते, बोटाला लागत नाही. पोरी दुसरीलाच पहिली समजतात आणि मग शेवटपर्यंत एकाने चुकतात. मधल्या हाडावरचा उंचवटा शोधा, तिथे दुसरी, हे मी इतक्यांदा ओरडले आहे की झोपेतही म्हणत असेन.

पण मोजायला जिवंत माणूस आणायचा कुठून? आमच्या टोंगा बेटांवर चुलत, मावस, आते सगळ्या बहिणीच. बहीण खोलीत आली की भाऊ उठून बाहेर जातो. तिथे तिने त्याच्या उघड्या छातीवर बोटं फिरवायची म्हणजे दोन्ही घरचे लोक माझ्या दारात. शिवाय आमची अंगं अशी भरलेली, की बरगडी शोधायची तर खणायलाच बसावं लागेल.

म्हणून तेकाबू. आमच्या वसतिगृहाचा माळी. मूळचा दूरच्या किरिबाती बेटांवरचा, तरुणपणी कप्तानाशी भांडून जहाजावरून उतरला तो इथलाच झाला. इथल्या बाईशी लग्न केलं, तीही मूलबाळ न होता वारली. अख्ख्या बेटावर एकही बहीण नसलेला हा एकच पुरुष मला ठाऊक होता, आणि तो काटकुळाही होता. दर मार्चमध्ये तो वर्गात येऊन शर्ट काढायचा. "बाई, दार लावून घ्या," म्हणायचा, "असा उघडा पोलिसाला दिसलो तर बरगड्या कोठडीत येऊन मोजाव्या लागतील." आमच्याकडे पुरुषानेही उघड्या अंगाने चारचौघांत फिरणं गुन्हा आहे. पोरी हसायच्या, त्यांची भीड चेपायची. संध्याकाळी मी त्याला घरून लू पाठवायची. अळूच्या पानातलं ते मांस तो दोन दिवस पुरवून खायचा.

यंदा एकतीस पोरी होत्या आणि एकतीसही जणींनी पहिल्या फटक्यात बरोबर मोजल्या. असं कधीच झालं नव्हतं. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि मीही नाक वर करून फिरले. तेकाबू वाळला होता, हे काय मला दिसलं नाही? दिसलं. मी त्याला वर म्हटलं, तुझ्यामुळे माझं काम हलकं झालं बघ, असाच राहा. हे वाक्य मला चांगलं आठवतं.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी लोसालीन आली. उत्तरेकडच्या निउआ बेटावरची पोर. पहिल्या चाचणीत नापास झालेली, प्रश्न विचारला की छताकडे बघणारी. बारा मोजून झाल्यावरही तिने दोन्ही तळवे त्याच्या छातीवर तसेच ठेवले.

"बाई, यांची डावी बाजू हलत नाहीये."

"तुला मोजायला सांगितलंय. श्वास पुढच्या सत्रात आहे. किती आल्या?"

"बारा."

"मग काढ हात."

वर्ग खिदळला. तेकाबूही हसला. म्हणाला, डावी बाजू आळशी आहे पोरी, माळ्याचीच ना ती. लोसालीन जागेवर जाऊन बसली आणि त्यानंतर वर्गात तिने आपणहून तोंड उघडलं नाही.

जूनमध्ये श्वासाचा धडा आला. तेकाबूला खोकला होता, पण तो येतो म्हणाला. कसं करायचं ते दाखवायला मी स्वतः त्याच्या पाठीवर हात ठेवले, दोन्ही अंगठे मधोमध टेकवले आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. उजवा अंगठा सरकला. डावा जागचा हलला नाही. त्या बाजूला बोटाने ठोकून पाहिलं. पोकळ आवाज यायला हवा तिथे भिंतीवर ठोकल्यासारखा आला. एकतीस पोरी वह्या उघडून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या. मी तास संपला म्हणून सांगितलं. लोसालीन खुर्च्या लावत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

क्षयरोग होता. डावी छाती पुवाने भरलेली. डॉक्टरने बरगडीच्या वरच्या कडेला धरून सुई घातली, कारण नस आणि रक्तवाहिन्या खालच्या कडेने जातात. मी शिकवते अगदी तसंच. नळी घातली, बाटली भरली, बदलली, पुन्हा भरली. तोवर उजवी बाजूही गेली होती आणि गोळ्या यकृताला सोसेनात. डॉक्टर तरुण होता, आडपडदा न ठेवता बोलला. मार्चमध्ये आणलं असतं तर सहा महिने गोळ्या खाऊन हा माणूस पुन्हा गवत कापत असता. आता त्रास कमी करण्यापलीकडे काही हातात नाही.

मी ठरवलं, तेकाबूला सांगायचं. माफी मागायची नव्हती, ती कुठल्या तोंडाने मागणार? पण मरणाऱ्या माणसाला आपण कशाने मरतोय हे कळायला हवं, असं मला वाटत होतं. दुपारी भेटीच्या वेळेला त्याच्या खाटेपाशी बसले आणि सगळं सांगितलं. लोसालीनच्या हाताला ते मार्चमध्येच कळलं होतं, मी तिला गप्प केलं, आणि तुला कुणाला दाखवलं नाही.

त्याने ऐकून घेतलं. बोलताना तो मधेमधे थांबून श्वास गोळा करत होता.

"ती बोलली ते मी ऐकलं होतं की, बाई. म्हणून तर त्याच संध्याकाळी नळापाशी तुम्हाला विचारलं."

"काय विचारलंस?"

"पोरगी खरं बोलली का म्हणून. रात्री घाम यायचा, भीती वाटायची. सकाळी दवाखान्यात जाऊन येऊ का, म्हटलं. तुम्ही म्हणालात, नवीन हात आहेत, त्यांना काय कळतंय, गप जाऊन झोप." तो हसायला गेला आणि खोकला. "खूप बरं वाटलं मला. मग नाही गेलो. तुमच्याएवढं बरगड्यांतलं कुणाला कळतं?"

त्याने माझा हात थोपटला. मला वाईट वाटू नये म्हणून.

नऊ दिवसांनी तो गेला. आमच्याकडे सुतकात बांधतात तशी मोठी चटई त्याच्यासाठी कमरेला बांधून रडणारं रक्ताचं कुणी नव्हतं. पोरींनी बांधल्या, मीही बांधली, आणि बायका मला मोठ्या मनाची म्हणाल्या. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

तो नळ वसतिगृहाच्या मागे आहे. रोज संध्याकाळी त्याच्यावरून जाते, आणि मार्चमधली ती संध्याकाळ डोक्यात आणायचा प्रयत्न करते. मी कुठून येत होते, हातात काय होतं, त्याचा चेहरा कसा होता. पुष्कळ ताण दिला. मला त्यातलं काहीही आठवत नाही.