काकांचं मोजलेलं इंग्रजी

मित्रांनो, माझी डावी बाजू केव्हाच बंद पडली. उजवीतून अजून ऐकू येतं, पण खरखर फार. कानांवरचा स्पंज झिजला आहे आणि त्याचा काळा भुगा लोकांच्या केसांत अडकतो, म्हणून हल्ली मला कोणी डोक्याला लावत नाही. मी एका कॉलेजच्या भाषा प्रयोगशाळेतला जुना हेडफोन आहे. माझ्या गालाशी एक वाकणारी दांडी आहे आणि तिच्या टोकाला माइक. त्यामुळे मला नुसतं ऐकवता येत नसे, समोरच्याचं बोलणं टिपूनही घेता येत असे. त्या टिपण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या तारा जोडल्या, मला स्वतःच्या कानांवर चढवलं आणि माइकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. मग खोक्यात घालून मला माझ्या भावंडांसोबत इथे पाठवलं. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला प्राचार्य म्हणाले होते, "आता आपली मुलं अगदी साहेबासारखं इंग्रजी बोलतील!" टाळ्या पडल्या. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

माझं काम सोपं होतं. टेपमधला साहेब एक वाक्य बोलायचा. त्याचा आवाज इस्त्री केलेल्या कापडासारखा होता, कुठेही चुणी नाही. मग मुलांनी तेच वाक्य तसंच म्हणायचं. कोणाला जमायचं नाही. घाम यायचा, माझा स्पंज ओला व्हायचा.

इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम तेव्हा नवीन होत्या. दर रविवारी त्या मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायच्या. हॉटेलातला एक आचारी, एक नर्स, एक शिंपी, आणखी काही जण. सगळे वेगवेगळ्या मुलखांतून पोटासाठी आलेले. प्रत्येकाची घरची भाषा वेगळी. साहेबाचा आवाज सुरू झाला की ही माणसं दगडासारखी बसायची. पण चहाची सुट्टी झाली, की तीच माणसं एकमेकांशी इंग्रजीत गप्पा मारायची. मोडकं-तोडकं इंग्रजी, प्रत्येकाचं आपल्या वळणाचं. आचारी काहीतरी सांगायचा आणि नर्स हसून हसून टेबलावर डोकं टेकायची.

एकदा मॅडम चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. चहा निवून गेला. यांना साहेबाचं इंग्रजी कळत नाही, मग एकमेकांचं कसं कळतं? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच. त्यांना पीएच.डी. करायची होती आणि विषय मिळत नव्हता. तो असा चहाच्या सुट्टीत मिळाला.

त्या खूश होत्या. चहाच्या सुट्टीत त्या मला टेबलावर चालू ठेवायच्या. वर्ग सुटल्यावर मला कानांवर चढवून त्या गप्पांची रेकॉर्डिंग ऐकायच्या आणि एकट्याच मान डोलवायच्या.

त्यांचे मार्गदर्शक सर एके दिवशी प्रयोगशाळेत आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विषय गोड आहे. पण परीक्षक बाहेरचे असतात. ते पहिला प्रश्न काय विचारतील सांगू? हे कळतंय की नाही, हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी त्या भाषेची शिक्षिका आहे, सर."

"शिक्षिका आहात, पण ती तुमची आईची भाषा नाही. माझीही नाही. मी तरुणपणी असाच एक विषय घेऊन गेलो होतो. त्यांनी माझ्या निबंधातल्या चुका दाखवल्या आणि विषयाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून मी शहाणा झालो. चुका मोजा. उच्चारातले दोष. यंत्राने मोजता येतात, कोणाला वाद घालता येत नाही. आधी आत शिरा, मग काय त्या खिडक्या उघडा."

 मॅडमना एक जुनी गोष्ट सलत होती. एका परिषदेत त्यांनी प्रश्न विचारला होता आणि व्यासपीठावरच्या परदेशी पाहुण्याने, उच्चार कळत नाही म्हणून, तो तीनदा पुन्हा विचारायला लावला होता. शेवटी त्याने उत्तर दिलं ते भलत्याच प्रश्नाचं. खाली बसताना त्यांचे कान लाल झाले होते म्हणे. हे त्यांनी नर्सला सांगताना मी ऐकलं होतं.  दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीतली रेकॉर्डिंग कपाटात गेली आणि नवा विषय ठरला. उच्चारांतील दोषांचे मापन.

आता त्यांना बोलणारी माणसं हवी होती. आणि मग काका आले.

काका म्हणजे मॅडमचे सख्खे काका. वडील लवकर गेल्यामुळे काका-काकूंनीच त्यांना वाढवलं. काका विमानतळावर टॅक्सी चालवायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर येऊन बसले. मॅडमना ते 'टिंबू' म्हणायचे, कारण लहानपणी त्या टिंबाएवढ्या होत्या आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर बसल्या की बाहेरून दिसायच्याच नाहीत. त्या सीटवर बसूनच त्यांनी पहिलं इंग्रजी ऐकलं. काकांचं.

"काय बोलू, टिंबू?"

"काहीही बोला, काका. एखाद्या पॅसेंजरची गोष्ट सांगा. पण इंग्रजीत."

"मग तर रात्र पुरायची नाही," काका म्हणाले आणि मला डोक्यावर असं चढवलं, जणू टोपीच.

मित्रांनो, माझ्या माइकवर हजारो माणसं बोलली, पण बहुतेक माझ्याशी भीत भीत बोलली. काका बोलले ते गाडीत मागे बसलेल्या माणसाशी बोलावं तसे. त्यांनी एका परदेशी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तो विमानातून उतरला आणि हॉस्पिटलला चला म्हणाला. त्याचा मुलगा इथे नोकरीला होता, त्याला अपघात झाला होता. म्हाताऱ्याचं इंग्रजीही काकांसारखंच, कुबड्यांवर चालणारं. 'माय बॉय स्लीप, नो ओपन आय,' एवढंच तो म्हणत राहिला. काकांना सगळं समजलं. त्यांनी गाडी लावून ठेवली आणि दिवसभर त्याच्यासोबत दवाखान्यात बसले. शेवटी हॉस्पिटलच्या दारातला तो क्षण पुन्हा आठवून काका म्हणाले, "हॉस्पिटॉल कमिंग, ही क्राय, आय क्राय. ट्रॅफिक ऑल्सो स्टॉप." मग मला डोक्यावरून काढलं आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "बरोबर बोललो ना गं?"

"छान बोललात, काका," मॅडम म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष संगणकाच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेषांकडे होतं. त्या संध्याकाळी ते रेकॉर्डिंग त्यांनी माझ्यातून पुन्हा पुन्हा ऐकलं. प्रत्येक वेळी तुकडा आणखी लहान. शेवटी त्यात म्हातारा राहिला नाही, मुलगा राहिला नाही. नुसते आवाज राहिले आणि प्रत्येक आवाजापुढे लाल खूण.

पुढच्या सत्रात मॅडमना आपलं काम सगळ्यांपुढे मांडायचं होतं. कार्यक्रम आमच्याच प्रयोगशाळेत होता. खुर्च्या भरल्या होत्या, सर पहिल्या रांगेत. मॅडमनी काका-काकूंना संध्याकाळच्या चहापानाला बोलावलं होतं. पण आपल्या पोरीचं भाषण म्हणून ते दोघं आधीच आले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

"वक्ता क्रमांक सात," मॅडम म्हणाल्या. "व्यवसाय, टॅक्सीचालक." आणि त्यांनी बटण दाबलं.

भोंग्यातून काकांचा आवाज आला. 'हॉस्पिटॉल' शब्दाला पहिलं हसू फुटलं. 'ही क्राय, आय क्राय' ला दुसरं. 'ट्रॅफिक ऑल्सो स्टॉप' ला सगळी खोली हसली. हसणारे दुष्ट नव्हते. त्यांना आधीची गोष्ट ठाऊकच नव्हती, कारण मॅडमनी तेवढाच तुकडा लावला होता. नेमकं तेव्हाच मॅडमना मागच्या रांगेतले काका दिसले. त्यांचा हात बटणाकडे गेला. पण सर मान हलवत होते, छान चाललंय, पुढे चला. हात मागे आला. "या नमुन्यात एकसष्ट दोष आढळतात," त्या म्हणाल्या.

काकाही हसत होते. सगळे हसतात म्हणून माणूस हसतो तसं. काकू मात्र हसत नव्हत्या.

नंतर काका टेबलापाशी आले. "मस्त बोललीस, टिंबू. किती मोठ्या मोठ्या लोकांपुढे!" मग म्हणाले, "एकसष्ट म्हणजे नापास का गं?"

"नाही काका, ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मॅडम उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात कोणीतरी त्यांना फोटोसाठी हाक मारली. त्या गेल्या. काका माझ्या वायरची गुंडाळी नीट करून ठेवून निघून गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी काकू एकट्याच प्रयोगशाळेत आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"तुझ्या त्या अभ्यासात काही औषधपाणी असतं, की नुसतं मोजणंच असतं?"

"काय झालं, काकू?"

"ह्यांनी गाडीत बोलणं सोडलंय. पॅसेंजर बसला की रेडिओ लावतात. मागून कोणी काही विचारलं तर 'येस सर', 'नो सर', बास. आधी घरी आले की हात धुवायच्या आत गोष्ट सुरू व्हायची. आज जपानवाला बसला होता, आज एक बाई बसली होती. मी म्हणायचे, अहो आधी जेवा. आता जेवतात, भांडी विसळतात आणि झोपतात. घरात कसली शांतता झालीय, तुला सांगू!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी काकूंचा हात धरायला हात पुढे केला. काकूंनी तो धरू दिला आणि मग घरी निघाल्या.

त्याच आठवड्यात मॅडमनी सरांना सांगितलं, मला माझा पहिला विषय परत हवा. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन वर्षांचं काम पाण्यात घालायचं? आणि पुन्हा तोच प्रश्न आला तर? तुम्ही कोण ठरवणार? उत्तर आहे तुमच्याकडे?"

उत्तर त्यांच्या कपाटात होतं. मला ठाऊक होतं, मी ते ऐकलं होतं. नर्सचं हसणं, आचाऱ्याची बडबड. कळलं की नाही, हे ऐकणारेच ठरवत होते. पण मॅडम खाली मान घालून "नाही" म्हणाल्या.

पदवी मिळाली. प्रबंधाला जाड निळी बांधणी झाली आणि तो ग्रंथालयात जाऊन बसला. माझ्या माहितीत तो मागायला कोणी आलं नाही. पेढे द्यायला मॅडम घरी गेल्या तेव्हा काकांनी पाठ थोपटली, आशीर्वाद दिला. सगळं घरच्या भाषेत म्हणे, एकही इंग्रजी शब्द नाही.

वर्षं गेली. मुलं आपापल्या मोबाइलवर ऐकू लागली. माझी भावंडं एकेक करून भंगारात गेली. मी तेवढा मॅडमच्या खोलीतल्या एका खोक्यात, चार्जरच्या गुंत्याखाली राहिलो.

मॅडम आता स्वतः मार्गदर्शक झाल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे एक विद्यार्थिनी विषय ठरवायला आली. ती म्हणाली, "मॅडम, मी विमानतळावर अर्धवेळ नोकरी करते. तिथे कोणाचंच इंग्रजी धड नसतं, तरी सगळ्यांची कामं होतात. यावर काही करता येईल का? की त्यासाठी माझं इंग्रजी आधी सुधारायला हवं?"

 मॅडम म्हणाल्या, "हाच विषय घे. कोणी काही म्हटलं तर मी आहे." आणि तिच्यासाठी त्यांनी काकांना बोलावलं.

काका आता थकले आहेत. टॅक्सी विकली. मॅडमनी मला खोक्यातून काढलं, पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. "काका, त्या म्हाताऱ्याची गोष्ट हिला सांगा. तुमच्या इंग्रजीत. कोणी काही मोजणार नाही. मी चुकले होते, काका."

काकांनी मला डोक्यावर घेतलं. त्यांचे केस पांढरे आणि मऊ झाले होते. माझी उजवी बाजू त्यांच्या कानाशी होती आणि माइक ओठांशी. मी सगळा जीव एकवटून ऐकत होतो.

"वन डे," काका म्हणाले. "वन डे, ओल्ड मॅन..." आणि थांबले.

विद्यार्थिनी वाट पाहत राहिली. 

"जमत नाही गं, टिंबू," काका घरच्या भाषेत म्हणाले. रागाने नाही, अगदी मायेने. "पुढचा शब्द जिभेवर येतो, आणि मीच त्याला उलटसुलट करून बघतो, बरोबर आहे का. तेवढ्यात म्हातारा गाडीतून उतरून जातो."

त्यांनी मला डोक्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि विद्यार्थिनीला म्हणाले, "बाळ, तू दुसऱ्या कोणाला तरी विचार. विमानतळावर आता बरीच नवी पोरं आली आहेत. चांगली बडबडी आहेत."

मित्रांनो, मी लवकरच भंगारात जाईन, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी संशोधक होईल. कोणाच्या तरी तोंडासमोर तुम्ही माइक धराल. तेव्हा तो माणूस काय सांगतोय ते शेवटपर्यंत ऐका. तो म्हातारा, त्याचा मुलगा, तो दिवस, सगळं ऐका. कसं सांगतोय ते नंतरही पाहता येईल. आणि आत्ताच घरी कोणी आपल्या मोडक्या भाषेत तुम्हाला काही सांगत असेल, तर मधे बोलून शब्द दुरुस्त करू नका. आधी विचारा, "मग पुढे काय झालं?"