शेजारच्या लेनमधली लाल टोपी

शेवटचे दहा मीटर उरले तेव्हा चष्मेवालीने श्वास घेणंच सोडून दिलं. शेजारच्या लेनमधली लाल टोपी तिच्या खांद्याशी होती, मग कानाशी आली, मग दिसेनाशीच झाली. दोन हात भिंतीवर आपटले. चष्मेवालीने मान वर काढली, तर लाल टोपी आधीच दोराला कोपर अडकवून धापा टाकत होती.

गॅलरीतून चष्मेवालीची नणंद किंचाळली, "वहिनी! एक चव्वेचाळीस! अगं, एक चव्वेचाळीस!"

शंभर मीटरला एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद. इतक्या झटपट तिने आयुष्यात काही केलं नव्हतं, लग्नसुद्धा. छाती ढोलासारखी वाजत होती. पण नजर लाल टोपीवरून हलेना.

प्रौढांच्या या स्पर्धेत हीट, म्हणजे पोहणाऱ्यांच्या तुकड्या, लागत त्या अर्जात लिहिलेल्या वेळेवरून. सारख्या वेगाची माणसं शेजारी यावीत, कुणी एकटं मागे पडू नये, एवढाच हेतू. ती वेळ तपासायला कुणी येत नाही, आपली आपण खरी लिहायची. दोघींनी एक पंचावन्न लिहिली होती, म्हणून तर शेजारी आल्या. मुद्दाम सावकाश वेळ लिहून, सोप्या हीटमध्ये घुसून पहिला नंबर मारणारेही असतात. त्यांच्यासाठी नियम होता: लिहिलेल्या वेळेपेक्षा दहा सेकंदांहून जास्त लवकर आलात आणि कुणी तक्रार केली, तर निकाल बाद.

चष्मा मिळावा म्हणून मोठाली अक्षरंही दिसत नसल्याचं सोंग करणारी पोरं तिच्या चष्म्यांच्या दुकानात वरचेवर येत. सोंग तिला लांबून कळायचं.

शेवटचे आजोबा अजून पाण्यात होते. ते भिंतीला टेकेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, अशी रीत. ते टेकले, टाळ्या झाल्या, सगळ्यांनी दोरावरून एकमेकांचे हात हातात घेतले. या दोघींनी तेवढे घेतले नाहीत.

"जाऊ दे ना," नणंद टॉवेल पुढे करत म्हणाली. "पहिल्या नंबरला काय मिळतं? एक टोपी. तिच्याकडे आहेच की."

"टोपीचं कोण बोलतंय? पंचावन्न लिहायची आणि अशी यायची? लबाड बाई!"

"वहिनी, पण तू..."

वहिनी निघालीही होती. ओल्या पायांनी चपक चपक करत ती थेट पंचांच्या टेबलाशी गेली. तिथे मास्तर बसले होते. अर्ध्या तलावाला त्यांनीच पोहायला शिकवलेलं.

"मला तक्रार करायचीय. लाल टोपीने खोटी वेळ लिहिलीय. नियम लावा."

"लावतो की." मास्तरांनी पेन उघडलं. "तुम्ही किती लिहिली होती?"

"पंचावन्न. एक पंचावन्न. आणि खरी!"

"आणि आलात कितीत?"

तिने टॉवेलचं टोक पिळलं. त्यातून काही निघालं नाही, तो कोरडाच होता.

"अहो मास्तर, मी दुकान उघडायच्या आधी पोहते. एकटी. घड्याळ लावून बघितलंय, पंचावन्नच होतात. आज ती अशी शेजारी होती, डोळ्यांसमोर सारखी ती लाल टोपी, म्हणून मी..."



"हेच," मास्तर म्हणाले, "आत्ता त्याही सांगून गेल्या. तुमची तक्रार करायला आल्या होत्या. मीही हेच विचारलं, तर तक्रार मागे घेतली आणि तिथे जाऊन बसल्या."

तलावाच्या टोकाला बाकावर लाल टोपी बसली होती. टोपी हातात, पिकलेले केस कपाळाला चिकटलेले. चष्मेवाली जवळ गेली तशी ती सरकून बसली.

"तुम्हीपण मास्तरांकडे?" लाल टोपीने विचारलं.

"हो."

"लबाड म्हणालात?"

"म्हणाले. तुम्ही?"

"मी चोर म्हणाले."

आधी कोण हसलं ते कळलं नाही. मग आवरेचना.

"शाळेची बस चालवते मी," लाल टोपी डोळे पुसत म्हणाली. "पोरं उतरवली की तलावावर. तेव्हा इथे चिटपाखरू नसतं. आज वळून पाहते तर ही बया माझ्या मानगुटीवर! म्हटलं, आता थांबले तर मेले."

"आणि मी म्हटलं, ही सुटली तर संपलंच."

चष्मेवालीने हात पुढे केला. "मघाशी राहिला."

लाल टोपीने तो दोन्ही हातांत घट्ट धरला.

दुपारी दोनशे मीटर होतं. वेळ बदलायची असेल तर आत्ताच, असा भोंग्यावर पुकारा झाला. दोघी धावतच टेबलाशी गेल्या. मागून नणंदही आली, घड्याळ गळ्यात घालून.

"दोनशेला काय लिहू?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरी सांगा हं."

चष्मेवालीने डोळे बारीक केले. नजर तपासायच्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीसमोर तिची गिऱ्हाइकं करत, तसे.

"खऱ्या दोन आहेत, मास्तर," ती शेवटी म्हणाली. "एक एकटीची, एक शेजारची."

"मग कुठली लिहू?"

लाल टोपी टोपी चढवून केस आत खोचत होती.

"शेजारची," ती म्हणाली. "दोघींची."